एकीकरण कुणाचं? सीमाभागातल्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला संदर्भ शोधायला शिकवताना

बी.ए.च्या पहिल्या सेमिस्टरला इतिहासाचा प्रकल्प दिला गेला: '१९५६ ची राज्य पुनर्रचना आणि बेळगाव जिल्हा'. दीड हजार शब्द, किमान पाच संदर्भ, त्यांत दोन तरी पुस्तकं, मुदत तीन आठवडे, अंतर्गत गुण दहा. वर्गात ४८ मुलं. हा वर्ग कुठल्या एका कॉलेजचा नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या पदवी कॉलेजांच्या लायब्ररीत जे दर वर्षी दिसतं, ते इथे एका वर्गात बसवलं आहे. त्यामुळे इथले आकडे आखणीचे समजावेत, पाहणीचे नव्हेत.

प्रकल्प जमा झाले तेव्हा त्यांत एक वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा आलं: '१९५६ साली संपूर्ण बेळगाव जिल्हा कर्नाटकात गेला.' सात शब्द आणि दोन चुका. जिल्हा संपूर्ण गेला नाही. राज्य पुनर्रचना कायद्याच्या (१९५६ चा ३७ वा कायदा) सातव्या कलमात 'चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा' असं स्पष्ट लिहिलं आहे. चंदगड मुंबई राज्यातच राहिला आणि आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. दुसरं म्हणजे १९५६ साली 'कर्नाटक' नावाचं राज्यच नव्हतं. जिल्हा गेला तो म्हैसूर राज्यात, आणि त्या राज्याचं नाव १ नोव्हेंबर १९७३ ला बदललं. कायदा इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो आणि सातवं कलम वाचायला दोन मिनिटं लागतात. वर्गातली काही मुलं तर चंदगडच्या पाहुण्यांकडे गणपतीला जाऊन आलेली. तरीही ते वाक्य कुणाला खटकलं नाही.

आळस हे त्याचं सोपं उत्तर झालं, पण ते खरं नाही. मुलांनी शोधलं होतं. फक्त सगळ्यांनी एकाच शब्दाने, एकाच भाषेत आणि एकाच खिडकीतून शोधलं होतं.

जुलैतला तास

या वर्गाला लायब्ररीची ओळख करून दिली नव्हती असं नाही. जुलैमध्ये, प्रवेश अजून चालू असताना, हॉलमध्ये पन्नास मिनिटांचा एक तास झाला. प्रोजेक्टरवर लायब्ररीच्या वेळा, कार्डाचे नियम, दंडाचा दर, कॅटलॉगचा फोटो आणि एन-लिस्टची (कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं पुरवणाऱ्या योजनेची) माहिती दाखवली. खानापूरकडची निम्मी मुलं त्या आठवड्यात भाताच्या लावणीत होती. जी आली त्यांच्यापुढे शोधण्यासारखं काहीच नव्हतं, कारण प्रकल्प ऑगस्टमध्ये मिळायचा होता. तहान लागण्याआधी विहिरीचा पत्ता दिला की तो कुणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरी अडचण जागेचीच. बऱ्याच लायब्रऱ्यांत मुलांना रॅकपर्यंत जाऊ देत नाहीत. चिठ्ठीवर नाव लिहायचं, खिडकीत द्यायची, आतून पुस्तक येतं. पीयूसीची (अकरावी-बारावीची) दोन वर्षंही अशीच चिठ्ठीवर गेलेली असतात. ज्याने रॅक कधी पाहिलेलाच नाही, त्याला वर्गांकाची, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरच्या विषयाच्या नंबराची, गरज का वाटावी? त्याच्या लेखी लायब्ररी म्हणजे औषधाचं दुकान: नाव सांगा, गोळी घ्या. नावच माहीत नसेल तर मागायचं काय, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून नवी आखणी अशी केली: जुलैचा तास बंद. प्रकल्प जाहीर झाल्यापासून दोन दिवसांत सुरुवात. ४८ मुलांच्या बारा-बाराच्या चार तुकड्या आणि प्रत्येक तुकडीला पन्नास मिनिटांच्या चार तासिका. एकूण सोळा तासिका दोन आठवड्यांत बसवल्या, म्हणजे एका ग्रंथपालाला रोज दीडेक तास. बारापेक्षा मोठी तुकडी घेऊ नये, कारण रॅकच्या दोन ओळींमधल्या बोळात त्याहून जास्त मुलं उभी राहिली की मागच्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात. तासिका दुसरी किंवा तिसरी घ्यावी, शेवटची कधीच नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या मुलांचा जीव शेवटच्या तासाला बसकडे लागलेला असतो.

पहिली तासिका: कॉम्प्युटर बंद ठेवून

या तासिकेत कॅटलॉग उघडायचाच नाही. प्रत्येक जोडीला एक कोरा ए-फोर कागद द्यायचा आणि त्यावर तीन रकाने आखायला सांगायचे: मराठी, कन्नड, इंग्रजी. जोड्या मुद्दाम मिसळायच्या. एक जण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला आणि दुसरा असा की ज्याचं कन्नड पक्कं आहे. सीमाभागातल्या वर्गाकडे एक भांडवल आहे जे पुण्याच्या वर्गाकडे नाही. इथली मुलं दोन लिप्या सहज वाचतात आणि तिसरी परीक्षेपुरती वाचतात. मात्र शोधताना ती त्यांतली एकच वापरतात.

कागदावर आधी ठिकाण येतं. मराठीत 'बेळगाव', जुन्या छपाईत अनुस्वार देऊन 'बेळगांव', हिंदी पुस्तकांत 'बेलगाम', कन्नडमध्ये 'बेळगावी'. इंग्रजीत १ नोव्हेंबर २०१४ च्या आधीचं एक स्पेलिंग आणि नंतरचं दुसरं. मग विषय: मराठीत 'सीमाप्रश्न', 'सीमावाद', 'सीमालढा', 'भाषावार प्रांतरचना'. कन्नडमध्ये 'गडि विवाद', 'गडि समस्ये', 'भाषावारु प्रांत रचने', आणि अहवालाला 'वरदि'. इंग्रजीत 'बाउंडरी डिस्प्यूट' आणि 'स्टेट्स रीऑर्गनायझेशन' ही दोन शीर्षकं वेगवेगळी पुस्तकं आणतात. पहिल्याने भांडण सापडतं, दुसऱ्याने कायदा आणि प्रशासन. दहा मिनिटांत पंधरा शब्द झाले नाहीत तर त्या जोडीजवळ जाऊन बसावं.

इथवर आलं की फळ्यावर एकच शब्द लिहायचा: 'एकीकरण'.

मराठी घरातलं मूल लगेच म्हणतं, महाराष्ट्र एकीकरण समिती. कन्नड घरातलं मूल तितक्याच सहज म्हणतं, कर्नाटक एकीकरण. दोघंही बरोबर आहेत आणि दोघांच्या हाती लागणारी पुस्तकं एकमेकांच्या पूर्ण विरुद्ध बाजूची आहेत. १९२४ च्या डिसेंबरमध्ये बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याच वर्षी याच गावात कर्नाटक एकीकरणाची पहिली परिषदही झाली. बावीस वर्षांनी, मे १९४६ मध्ये, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालच्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तोही याच बेळगावात. देवनागरीत 'एकीकरण' टाकून शोधणाऱ्याला यातली एक गोष्ट दिसते, कन्नड लिपीत टाकणाऱ्याला दुसरी. आपल्याला अर्धंच दिसतंय याची शंका दोघांनाही येत नाही, कारण दोघांनाही भरपूर पुस्तकं मिळालेली असतात. काहीच न मिळणं परवडलं. भरपूर मिळालं की मूल थांबतं.

एवढ्या एका शब्दावर पंधरा मिनिटं गेली तर जाऊ द्यावीत. बाकीचे तीन तास याच्यावर उभे राहतात.

वर्गात कधी वाद पेटतो. ग्रंथपालाने त्यात बाजू घेऊ नये आणि विषयही दाबू नये. 'हे कोण म्हणतंय, कधी म्हणालं, कुठल्या पानावर?' एवढं विचारलं की वाद कागदावर येतो.

दुसरी तासिका: ओपॅक आणि रॅक

आता कॉम्प्युटर आणि त्यावरचा ओपॅक, म्हणजे लायब्ररीचा ऑनलाइन कॅटलॉग. चारांपैकी तीन चालू असतील असं धरून चालावं आणि वीज जाईल असंही. म्हणून त्या दिवशी शोधायच्या नोंदींची छापील प्रत हाताशी असू द्यावी.

इथे पहिला घोळ डेटाएन्ट्रीचा. मराठी पुस्तकांच्या नोंदी तीन प्रकारच्या सापडतात: काही नीट युनिकोड देवनागरीत, काही रोमन लिपीत ज्याला जसं सुचलं तशा स्पेलिंगने, आणि काही जुन्या फॉन्टमधून उचललेल्या, ज्या पडद्यावर नुसत्या खुणा आणि आकडे बनून दिसतात. 'सीमाप्रश्न' देवनागरीत टाकला तर फक्त पहिला गट येतो. तोच शब्द रोमनमध्ये एका 'आय'ने आणि दोन 'ई'ने असा दोनदा टाकून पाहावा लागतो. तिसऱ्या गटाला शीर्षकाने गाठताच येत नाही. त्याला वर्गांकाने किंवा रॅकवर जाऊनच गाठायचं. कन्नड लिपीची सोय लायब्ररीच्या कीबोर्डवर नसते, मुलांच्या फोनवर असते. फोनवर शब्द लिहून तिथूनच ओपॅक उघडू द्यावा. 'फोन बाहेर ठेवा' ही पाटी त्या तासापुरती उलटी करून ठेवावी.

दुसरा घोळ तारांकनाचा. शब्दाचा शेवट कापून तारा (*) लावली की पुढचं काहीही चालतं, हे मुलांना आवडतं. जुन्या इंग्रजी स्पेलिंगची पहिली चार अक्षरं घेऊन तारा लावली तर बेळगाव येतं आणि सोबत बेल्जियमही. 'बेळगावी' मात्र येत नाही, कारण नव्या स्पेलिंगचं चौथं अक्षर वेगळं आहे. तीनच अक्षरं ठेवली तर दोन्ही बेळगाव येतात, पण बेल्लारी आणि बेलूरही येतात. म्हणून दोन्ही पूर्ण स्पेलिंगं मध्ये 'ऑर' घालून शोधावीत. हे सांगण्यापेक्षा करू द्यावं. यादीत बेल्जियम निघालं की मुलं हसतात आणि ते लक्षात ठेवतात.

मग रॅक. इथे जे चुकतं ते दर वर्षी एकच असतं. मूल कागदावर ९५४.८७ लिहून घेऊन जातं आणि पाच मिनिटांनी परत येतं: 'नंबर बरोबर हाय की ओ सर, पुस्तकच नाही.'

पुस्तक असतं. मूल ९५४.७९२ च्या डावीकडे शोधत असतं, कारण त्याच्या मते सत्त्याऐंशी आधी आणि सातशे ब्याण्णव नंतर. दशांश चिन्हानंतर एकेक अंक वाचायचा असतो. पहिल्या जागी सात आणि आठ, म्हणून ९५४.७९२ आधी आणि ९५४.८७ नंतर. गणितात हे सहावीतच झालेलं असतं. रॅकसमोर मात्र कुणी दशांश वाचत नाही, सगळे घरनंबर वाचतात. त्यावर पत्त्यांचा खेळ आहे. पोस्टकार्डाच्या आकाराचे सहा तुकडे, त्यांवर ९५४.०३५, ९५४.०४२, ९५४.७९२, ९५४.८, ९५४.८७ आणि ९५४. पत्ते पिसून जोडीच्या हाती द्यायचे आणि टेबलावर ओळीने लावायला सांगायचे. बरोबर लावणाऱ्या जोडीने शेजारच्या जोडीची ओळ तपासायची. सहा मिनिटं पुरतात.

हे आकडे उगीच निवडलेले नाहीत. पुस्तकं विषयवार लावायच्या ड्यूई दशांश पद्धतीत ९५४ हा भारताचा इतिहास, ९५४.०३५ हा १८५८ ते १९४७ चा काळ आणि ९५४.०४२ हा नेहरूंचा, म्हणजे पुनर्रचनेचाही. ९५४.७९२ महाराष्ट्र, ९५४.८ दक्षिण भारत, ९५४.८७ कर्नाटक. बेळगावावरचं पुस्तक यातल्या कुठल्याही घरात बसू शकतं. नोंद करणाऱ्याने गावाचा विचार केला तर ८७, आंदोलनाचा केला तर ७९२, काळाचा केला तर ०४२. राजकारण समजून केली तर पुस्तक ९५४ सोडून थेट ३२० मध्ये जातं. याला चूक म्हणता येत नाही. सीमेवरचा विषय वर्गीकरणातही सीमेवरच असतो. साहित्यातही तसंच: मराठी साहित्य ८९१.४६ ला, कन्नड ८९४.८१४ ला. दोन भाषा एका गल्लीत नांदल्या तरी ड्यूईच्या हिशेबात एक भारोपीय आणि एक द्राविडी, म्हणून मध्ये कित्येक रॅक.

त्यात आणखी एक स्थानिक सवय. अनेक कॉलेजांत मराठी, कन्नड आणि इंग्रजी पुस्तकांची कपाटं वेगळी असतात. म्हणजे ९५४.८७ एकदा नव्हे, तीनदा आहे. हे कुठेही लिहिलेलं नसतं. नेहमीच्या शिपायाला ते माहीत असतं, मुलाला नसतं. प्रत्येक कपाटाच्या कडेला 'हाच नंबर कन्नड कपाटातही पाहा' अशी हाताने लिहिलेली पट्टी लावली की वाया जाणाऱ्या फेऱ्या कमी होतात. पट्टी दोन्ही भाषांत लिहावी.

तिसरी तासिका: कागदपत्रं

ही तासिका टेबलाभोवती घ्यायची. टेबलावर तीन गोष्टी: पुनर्रचना कायद्याच्या सातव्या कलमाची छापील प्रत, १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड (बेळगाव जिल्ह्याचा), आणि सीमाप्रश्नावरची दोन भाषांतली दोन वर्तमानपत्री कात्रणं. गॅझेटियर कॉलेजात नसेल तर आर्काइव्ह डॉट ऑर्गवरून तालुक्यांची पानं छापून घ्यावीत.

मुलांना सांगायचं: गॅझेटियरमध्ये आपला तालुका काढा. बैलहोंगलची मुलगी यादी दोनदा वाचते आणि म्हणते, आमचा तालुका नाही. सौंदत्तीच्या मुलाचंही तेच. त्या काळी तालुके संपगाव आणि परसगड या नावांनी होते. खानापूरकरांना 'बिडी' शोधावं लागतं. नाव बदललं की शोध बदलावा लागतो, हे इथे गावाच्या नावावरून कळतं आणि पहिल्या तासिकेतला कागद पुन्हा बाहेर निघतो. मुलं आपणहून त्यावर जुनी नावं लिहितात.

कात्रणांचं काम वेगळं. सीमाप्रश्नाच्या बातम्यांत महाराष्ट्राने मागितलेल्या गावांचा आकडा कधी ८१४ तर कधी ८६५ दिसतो. कुठला बरोबर, हे मुलांनी ठरवायचं नाही. प्रत्येक आकड्यासमोर तीन गोष्टी लिहायच्या: हा कुणाचा आकडा, कुठल्या कागदातला, कुठल्या वर्षाचा. सीमाप्रश्नासाठीचा महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला आणि त्याचा अहवाल १९६७ च्या ऑगस्टमध्ये आला. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला २००४ साली. बातमीत हे दोन्ही कागद एका परिच्छेदात येतात आणि आकडे एकमेकांत मिसळतात. हे दिसलं की मूल 'बातमीत लिहिलंय' हे उत्तर द्यायचं सोडतं, निदान त्या आठवड्यापुरतं तरी.

चॅटबॉटवर या तासिकेत दहा मिनिटं पुरेशी आहेत. बंदीचा उपयोग नाही. मुलांनी प्रकल्पासाठी त्याच्याकडून आणलेली पुस्तकांची यादीच घ्यायची आणि प्रत्येक पुस्तक चार ठिकाणी तपासायचं: आपला ओपॅक, वर्ल्डकॅट (जगभरच्या लायब्रऱ्यांचा एकत्र कॅटलॉग), गूगल बुक्स, आणि प्रबंध असेल तर शोधगंगा. चारही ठिकाणी काहीच नसेल तर ते नाव खोडायचं. मराठी पुस्तकांच्या बाबतीत मात्र एक पथ्य. छोट्या प्रकाशकाचं खरं पुस्तकही या जाळ्यांतून निसटतं. म्हणून खोडण्याआधी गावातल्या जुन्या वाचनालयात विचारून यावं. बेळगावात १८४८ पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. कॉलेजच्या रॅकपलीकडे पुस्तकं असतात, हे कळायलाही ती फेरी बरी.

एन-लिस्टबद्दल थोडक्यात. त्यातलं बहुतेक साहित्य इंग्रजी आहे आणि पहिल्या वर्षाच्या मुलाला ते जड जातं. खातं उघडून द्यावं, एक लेख उतरवून घ्यायला लावावा, बाकी दुसऱ्या वर्षावर सोडावं. मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ त्याला आज जास्त कामाचं आहे. विषयात शिरायला तिथून सुरुवात करावी, पण पाच संदर्भांत त्याला एकच जागा द्यावी.

चौथी तासिका: टिपणाचं कार्ड

पाच बाय तीन इंचाचं कार्ड, एका संदर्भाला एक. वर लेखक, शीर्षक, प्रकाशक, गाव, वर्ष, आणि कोपऱ्यात वर्गांक. खाली टिपण आणि प्रत्येक टिपणासमोर पान नंबर. पान नंबर तिथल्या तिथे लिहिला नाही तर तो नंतर कधीच लिहिला जात नाही, कारण तोवर पुस्तक दुसऱ्याच्या घरी गेलेलं असतं.

जुन्या मराठी पुस्तकांत वर्ष शकात असतं. शके १८६८ दिसलं की मूल ते इसवी सन समजून लिहितं आणि पुस्तक अठ्ठ्याहत्तर वर्षं मागे ढकलून मोकळं होतं. शकात ७८ मिळवायचे: १८६८ म्हणजे १९४६. पौष, माघ, फाल्गुनातलं पुस्तक असेल तर बहुधा ७९. 'पुनर्मुद्रण' आणि 'दुसरी आवृत्ती' यांतला फरकही इथेच दाखवावा. पुनर्मुद्रणात मजकूर तोच असतो, आवृत्तीत बदललेला असू शकतो, म्हणून टिपणात आवृत्ती लिहायची.

लेखकाचं नाव कसं लिहायचं हा इथला खास प्रश्न. मराठी नावात आडनाव पुढे आणलं की काम भागतं. अनेक कन्नड नावांत आडनाव नसतं, सुरुवातीची अक्षरं गावाची आणि वडिलांची असतात. ती उलटवली तर माणूसच हरवतो. शिवाय टोपणनावं. कन्नड कवी द. रा. बेंद्रे 'बेंद्रे' खाली शोधले तर काही मिळतं, 'अंबिकातनयदत्त' खाली शोधले तर आणखी काही. मुखपृष्ठामागच्या पानावर नाव जसं छापलंय तसं आधी उतरवावं, उलटापालट घरी करावी.

काय सुधारलं, काय नाही

चार तासिकांनंतर आलेल्या प्रकल्पांत चंदगड दिसतो. 'म्हैसूर राज्य' दिसतं. संदर्भांत दोन भाषा दिसतात, काहींत तिन्ही. रॅकसमोरची 'पुस्तकच नाही' ही तक्रार कमी होते.

न सुधारलेलं असं की भाषा बदलली तरी उतरवणं थांबत नाही. मूल आता विकिपीडियाऐवजी पुस्तकातला अख्खा परिच्छेद उचलतं आणि खाली पान नंबर प्रामाणिकपणे लिहितं. वाचून स्वतःच्या शब्दांत मांडणं ग्रंथपालाच्या सोळा तासिकांत बसत नाही. ते विषयशिक्षकाच्या तासात जायला हवं आणि त्यासाठी दहांतले दोन गुण कार्डांना दिले तर मुलं कार्डं खरंच लिहितात. गुण नसतील तर कार्डं आदल्या रात्री एकाच पेनाने लिहून येतात. शाई पाहिली की कळतं.

दुसरी अडचण मुदतीची. तीन आठवडे गणपतीत सापडले की मधले आठ-दहा दिवस गेले म्हणायचे. सोळा तासिकांतल्या शेवटच्या चार तर हमखास. पुढच्या वेळी प्रकल्प गणपतीनंतरच्या सोमवारी जाहीर करावा, आणि बुधवारी पहिल्या तुकडीच्या हाती कोरा कागद द्यावा.